प्रश्न निकाली काढताना

सोलापुरात नळाला रोज पाणी का येत नाही, हा प्रश्न शहरात इतक्यांदा विचारला जातो की उत्तराची अपेक्षा कोणी ठेवतच नाही. उजनी धरण जिल्ह्यातच आहे, भीमा जिल्ह्यातूनच वाहते, आणि तरीही घरोघर पाण्याच्या पाळीचा हिशेब बोटांवर चालतो. समजा, एखाद्या नागरिकाने हाच प्रश्न जोडपत्र ‘अ’वर लिहिला, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले आणि माहितीच्या अधिकारात इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेत, नेऊन दिला. जन माहिती अधिकारी तो अर्ज निकाली काढू शकतो, आणि तेही कायद्यावर बोट ठेवून. कारण प्रश्नात ‘का’ आहे.

याचे मूळ गोव्यात आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने एप्रिल २००८ मध्ये सेल्सा पिंटो खटल्यात असे ठरवले की, एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचे समर्थन मागणे म्हणजे माहिती मागणे नव्हे. कार्यालयाकडे कागदावर जे आहे ती माहिती. कारणमीमांसा करत बसणे हे माहिती अधिकाऱ्याचे काम नाही. केंद्र सरकारने पुढच्याच वर्षी हा निकाल परिपत्रकाने सगळ्या खात्यांना कळवला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या उत्तरपत्रिकांच्या खटल्यात त्याच दिशेचे आणखी एक तत्त्व सांगितले. अस्तित्वात नसलेली माहिती तयार करून देण्याचे बंधन कार्यालयावर नाही, आणि अर्जदाराला सल्ला किंवा मत देण्याचेही नाही.

कायद्याच्या अंगाने दोन्ही निकाल मला पटतात. माहिती अधिकारी हा बहुधा एखादा अभियंता किंवा अधीक्षक असतो. शहराच्या पाणीधोरणाचे समर्थन त्याने स्वतःच्या सहीने करावे, अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे, आणि ते उत्तर विश्वासार्हही ठरणार नाही. पण कचेऱ्यांमध्ये या निकालांचा शिक्का झाला. प्रश्नात ‘का’ दिसला की ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’ हे तयार वाक्य खाली पडते. यात गंमत अशी की कायद्यात माहितीची जी व्याख्या आहे, तिच्यात ‘मते’ आणि ‘सल्ला’ हे शब्द स्पष्ट आहेत. अधिकाऱ्याला आज नवे मत विचारता येत नाही. पण त्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने नस्तीत आधीच लिहून ठेवलेले मत हे मात्र माहिती आहे, आणि ते मागता येते.

म्हणून मुरलेला अर्जदार ‘पाणी रोज का येत नाही’ असे लिहीतच नाही. तो लिहितो: पाणीपुरवठ्याचे सध्याचे वेळापत्रक ज्या नस्तीवर मंजूर झाले, तिच्यातील टिपण्यांसह सर्व पानांच्या प्रती द्याव्यात. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत टाकळीच्या पंपगृहातून रोज किती पाणी उपसले, त्या नोंदवहीच्या प्रती द्याव्यात. त्याच मुदतीत जलवाहिनी किती वेळा फुटली आणि दुरुस्तीला किती वेळ लागला, त्याच्या नोंदी पाहायला मिळाव्यात. तिन्ही मागण्यांत एकही ‘का’ नाही, आणि तिन्हींचे कागद शेजारी ठेवले की ‘का’चे उत्तर हातात येते. शिवाय कलम ४(१)(घ) आहेच. प्रशासकीय निर्णयाची कारणे त्या निर्णयाने बाधित झालेल्या व्यक्तींना देणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे, असे ते कलम म्हणते. अर्जात या कलमाचा उल्लेख असला की ‘का’ला पुन्हा जागा मिळते. दुर्दैवाने हे कलम ठाऊक असलेला अर्जदार विरळा.

माहितीच्या अधिकारात महाराष्ट्राची पाटी कोरी नव्हती. अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर राज्याने स्वतःचा कायदा केला, तो सप्टेंबर २००२ पासून लागू झाला. केंद्राचा कायदा त्यानंतर, १२ ऑक्टोबर २००५ पासून. पण प्रश्नाला आळा घालण्यातही महाराष्ट्र मागे राहिला नाही. जानेवारी २०१२ मध्ये राज्याने नियम बदलले. एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा. विषय एकाहून जास्त असतील तर अधिकारी पहिल्या विषयापुरते उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतो. त्याच वर्षी केंद्राने स्वतःच्या कार्यालयांसाठी ५०० शब्दांची मर्यादा ठेवली, आणि केवळ शब्द जास्त झाले म्हणून अर्ज फेटाळू नये असेही त्यात लिहिले.

एक विषय ही अट ऐकायला वाजवी वाटते, आणि पुष्कळदा ती वाजवी असतेही. रस्ते, पथदिवे, कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि स्मार्ट सिटीची बिले एकाच कागदावर मागितली तर तो कागद चार टेबलांवर फिरतो आणि कुठल्याच टेबलावर त्याचे काम होत नाही. पण ‘एक विषय’ म्हणजे काय, हे नियमात सांगितलेले नाही. उजनीहून शहरात येणाऱ्या समांतर जलवाहिनीचा ठेका, तिची मुदतवाढ आणि तिच्यावरचा खर्च हा एक विषय की तीन? अर्जदाराला एक वाटतो. अधिकाऱ्याच्या मनात असेल तर तो तीनही मोजतो. अट कितीही शहाणी असली तरी तिची व्याख्या ज्याच्याकडून उत्तर हवे आहे त्याच्याच हाती राहिली, तर त्या अटीवर भरवसा ठेवणे कठीण.

हा १५० शब्दांचा आकडा मात्र कुठूनतरी आकाशातून पडलेला नाही. लोकसभेच्या नियमावलीतही खासदाराच्या प्रश्नाला साधारण १५० शब्दांचीच मर्यादा आहे. किंबहुना प्रश्न कधी नाकारावा याचा आपल्याकडचा सगळ्यात जुना आणि तपशीलवार विचार कायदेमंडळांतच झाला. १८९२ च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टने परिषदेच्या सदस्यांना सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क पहिल्यांदा दिला. पुढच्या वर्षी व्हाइसरॉयच्या परिषदेत विचारलेला पहिला प्रश्न भिंग्याच्या राजांचा होता. सरकारी अंमलदार दौऱ्यावर निघाले की त्यांना माल पुरवताना खेड्यातल्या दुकानदारांना जो त्रास होतो, त्याबद्दलचा. साम्राज्याच्या सर्वोच्च सभागृहात पहिला प्रश्न वाण्याच्या दुकानाचा निघाला, हे मला फार आवडते. आजच्या सभागृहात एखाद्याला तो ‘क्षुल्लक’ वाटला असता.

हक्क दिला तेव्हाच कुंपणही घातले. प्रश्न केवळ माहिती मागणारा असावा, त्याची भाषा वाद घालणारी, काल्पनिक किंवा बदनामी करणारी नसावी. उत्तरावर चर्चा नाही. आणि लोकहिताच्या दृष्टीने उत्तर देता येणार नाही असे अध्यक्षांना वाटले, तर त्याहून अधिक कारण न देता त्यांनी प्रश्न नाकारावा. १९०९ च्या सुधारणांत मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची मुभा मिळाली, १९१९ नंतर ती इतर सदस्यांनाही मिळाली. उपप्रश्न ही छोटी बाब नव्हे. लेखी उत्तर खाते तयार करते, उपप्रश्नाला मंत्र्याला स्वतः तोंड द्यावे लागते. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नाचे सगळे वजन त्या उपप्रश्नात आहे.

स्वतंत्र भारताच्या लोकसभेने ते जुने कुंपण पाडले नाही, उलट त्याला आणखी खांब दिले. नियम ४१ वाचण्यासारखा आहे. प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप, विशेषणे नकोत. मत विचारू नये, कायद्याचा अमूर्त मुद्दा किंवा ‘असे झाले तर’ छापाचा काल्पनिक प्रसंग विचारू नये. ज्याचे उत्तर आधी दिले आहे किंवा नाकारले आहे, तोच प्रश्न नव्या शब्दांत आणू नये. सहज मिळणाऱ्या दस्तऐवजात किंवा नेहमीच्या संदर्भग्रंथात असलेली माहिती मागू नये. क्षुल्लक बाबी नकोत, जुना इतिहास उकरू नये, न्यायप्रविष्ट गोष्टीत शिरू नये, आणि जे सरकारच्या अखत्यारीत नाही त्याबद्दल सरकारला विचारू नये. महाराष्ट्र विधानसभेच्या नियमांतही याच धाटणीच्या अटी आहेत, आणि प्रश्न बसतो की नाही हे अध्यक्ष ठरवतात.

आता एक चमत्कार पाहा. २००८ मध्ये जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की या दोघा अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी स्टॅक ओव्हरफ्लो सुरू केले. प्रोग्रॅमिंग करणारे लोक तिथे एकमेकांना अडचणी विचारतात आणि एकमेकांना उत्तरे देतात. प्रश्न वाढले तेव्हा जाणत्या सदस्यांना मते देऊन प्रश्न बंद करण्याचा अधिकार मिळाला. कारणे कोणती? आधी विचारलेला आहे. फार मोघम आहे. एकात अनेक प्रश्न आहेत. मत मागणारा आहे. या जागेचा विषय नाही. यातले एकही कारण असे नाही, जे लोकसभेच्या नियमावलीला किंवा आपल्या २०१२ च्या नियमाला अनोळखी वाटेल. त्या लोकांनी दिल्लीची नियमावली चाळली असेल असे मला वाटत नाही. उत्तर देणाऱ्यांचा वेळ थोडा आणि विचारणारे अगणित, अशी परिस्थिती जिथे निर्माण होते तिथे माणसे फिरून फिरून याच चार-पाच कुंपणांपाशी येतात, एवढाच याचा अर्थ.

या कारणांतले सगळ्यात फसवे कारण कोणते म्हणाल, तर ‘हा प्रश्न आधीच विचारला गेला आहे’ हे. ते समजायला सोलापूर जिल्ह्यातच सांगोल्याला जावे.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख, तालुक्याचे आबासाहेब, शेतकरी कामगार पक्षाचे. १९६२ मध्ये पहिल्यांदा विधानसभेत गेले आणि एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आले. दोनदा मंत्री झाले, म्हणजे उत्तरे देण्याच्या बाजूलाही बसले. बाकी सारी कारकीर्द विचारणाऱ्यांच्या बाकावर गेली. त्यांचा एक प्रश्न कधीच बदलला नाही: दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचे पाणी कधी मिळणार. सांगली, सातारा, सोलापूरकडच्या तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद १९९३ पासून आटपाडीत भरू लागली, तेव्हा वाळव्याच्या क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या जोडीला तेही उभे होते. टेंभू आणि म्हैसाळच्या उपसा सिंचन योजना कागदावर होत्या, मग अर्ध्यामुर्ध्या जमिनीवर आल्या, मग निधीवाचून अडल्या. प्रश्न मात्र सभागृहात येतच राहिला.

नियमाचा शब्दशः अर्थ लावला तर असा प्रश्न दुसऱ्याच वर्षी बाद व्हायला हवा. उत्तर तर दिलेले असते! ‘काम प्रगतिपथावर आहे’ हे उत्तरच की. पण पाच वर्षांपूर्वी प्रगतिपथावर असलेले काम आज कुठे आहे, हा जुना प्रश्न नव्हे. तेच शब्द, तोच विचारणारा, पण मधल्या काळात परिस्थिती बदललेली असते. नाहीतर ती बदललेली नसते, आणि मग तीच खरी बातमी असते. पुनरावृत्तीचा प्रश्न बंद करण्याआधी तपासायची गोष्ट एकच. जुने उत्तर आज या विचारणाऱ्याच्या कामाचे आहे का? असेल तर त्याला ते उत्तर दाखवावे आणि मगच प्रश्न बंद करावा. स्टॅक ओव्हरफ्लोने निदान एवढे चांगले केले की पुनरावृत्ती म्हणून बंद केलेल्या प्रश्नाच्या माथ्यावर जुन्या प्रश्नाचा दुवा लागतो. तिथेही तक्रार उरतेच, कारण २०११ चे उत्तर त्यावेळच्या आवृत्तीसाठी असते आणि संगणकाच्या जगात तेवढ्या काळात सगळे बदलून गेलेले असते.

माहिती अधिकाराच्या कायद्यात मात्र ‘आधी दिली आहे’ हे माहिती नाकारण्याचे कारणच नाही. नाकारण्याची कारणे कलम ८ आणि ९ मध्ये मोजून दिली आहेत: देशाची सुरक्षा, न्यायालयाची मनाई, व्यापारी गुपित, तपासात अडथळा, खासगीपण वगैरे. त्यांत पुनरावृत्ती नाही, ‘त्रासदायक अर्जदार’ तर नाहीच. तरीही हे दोन्ही शब्द आता माहिती आयोगांच्या आदेशांत सर्रास दिसू लागले आहेत. गुजरातमध्ये तर माहिती आयोगाने काही लोकांना पुढे अर्ज करण्यासच बंदी घातली होती. शेकडो अर्ज टाकून ठेकेदारांकडून पैसे उकळणारे लोक असतात, हे सोलापुरातल्या कुठल्याही कारकुनाला विचारा. पण खंडणीसाठी फौजदारी कायदा आहे. माणूस वाईट म्हणून त्याने मागितलेला कागद वाईट ठरत नाही. कलम ६(२) तर माहिती कशासाठी हवी हे अर्जदाराला विचारायचीच मनाई करते.

याच्या उलट टोकाची गोष्ट २००५ च्या डिसेंबरात घडली. पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारण्याची तयारी दाखवणारे खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले आणि अकरा जणांना संसदेतून काढून टाकण्यात आले. पत्रकारांनी त्या खासदारांच्या हाती दिलेल्या प्रश्नांत काही निव्वळ थट्टा होती. एका प्रश्नात तर इंटरनेटवरच्या ब्लॉगांची नावे परदेशी गुंतवणूकदार कंपन्या म्हणून घातली होती. दिलेल्यांपैकी काही प्रश्न छाननीतून पार होऊन यादीत लागले. शब्दमर्यादा पाळलेली, उपरोध नाही, मत मागितलेले नाही, मग अडवणार कशाच्या आधारे? चाळणीला खडा आणि दाणा एकाच आकाराचा असला तर फरक कळत नाही. म्हणून नियमांच्या जोरावर निर्धास्त राहणाऱ्या नियंत्रकांबद्दल मला थोडा संशयच वाटतो.

बंद करणाऱ्यावर काय बंधन असावे, याचा विचार या तिन्ही ठिकाणी सारखा झालेला नाही, आणि माझ्या मते खरा फरक तिथे आहे. विधिमंडळात अध्यक्षांचा निर्णय अंतिम. आमदाराला अपील नाही. तो फार तर वेगळ्या आयुधाने, लक्षवेधीने किंवा अर्धा तास चर्चेने, त्याच विषयावर परत येऊ शकतो. स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्न बंद झाला तरी पुसला जात नाही. विचारणाऱ्याने तो सुधारावा आणि सदस्यांनी मते देऊन पुन्हा उघडावा, अशी सोय आहे. सोय आहे, पण पहिल्यांदा आलेल्या पोराला चार मिनिटांत दाराबाहेर काढल्यावर प्रश्न सुधारून परत येण्याचा हुरूप त्याच्यात किती उरतो? आपली जागा नवख्यांना, बायकांना आणि इतर अनेकांना परकी वाटते, हे कंपनीने २०१८ मध्ये स्वतःच जाहीरपणे मान्य केले. २०२२ च्या शेवटी प्रश्नांना न कंटाळणारा चॅटजीपीटी आला, आणि तिथे येणाऱ्या नव्या प्रश्नांचा ओघ झपाट्याने आटला.

माहिती अधिकाराच्या कायद्याने मात्र ओझे बंद करणाऱ्याच्या खांद्यावर ठेवले आहे. प्रश्न चुकीच्या कार्यालयात आला तर ‘आमचा विषय नाही’ म्हणून परत पाठवायचा नाही. कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे पाठवायचा आणि अर्जदाराला तसे कळवायचे. उजनीच्या पाण्याचा अर्ज महापालिकेत आला तर महापालिकेनेच तो पाटबंधारे खात्याकडे धाडायला हवा. नाकारायचे असेल तर कलम ७(८) प्रमाणे कारण, अपिलाची मुदत आणि अपील कोणाकडे करायचे हे तिन्ही लिहून द्यायचे. मागितलेल्या रूपात माहिती देताना कार्यालयाची फार शक्ती खर्च होणार असेल तर कलम ७(९) प्रमाणे ती वेगळ्या रूपात द्यायची. ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ म्हणून अर्ज निकाली काढायला हेच कलम वापरले जाते, पण त्यात नकार कुठेच लिहिलेला नाही. ‘या, बसून कागद पाहा’, एवढेच फार तर म्हणता येते. आणि अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) ने अधिकाऱ्यावर टाकली आहे. तो नकार विनाकारण ठरला तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड, तोही त्याच्या स्वतःच्या खिशातून.

कायद्याने इतका चोख बंदोबस्त केला तो कागदावर, हे खरेच. माहिती आयोगाकडचे दुसरे अपील वर्षानुवर्षे पडून राहिले की नकार द्यायला कारणाचीही गरज उरत नाही. शिवाय जे संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे एक सुरेख वाक्य कलम ८(१)(ञ) ला जोडलेले होते. आमदाराचा प्रश्न आणि अर्जदाराचा प्रश्न त्याने एका पातळीवर आणले होते. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ते कलमच बदलले. नव्या मजकुरात ते वाक्य नाही.

सोलापुरात या काळात याहून मोठी गोष्ट झाली, आणि तिला कुठल्याच नियमाचा आधार घ्यावा लागला नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सदस्यांची मुदत संपली. निवडणूक लांबली, प्रशासक नेमले गेले, आणि पुढची तीन वर्षे उलटली तरी सभागृहात एकही निवडून आलेला माणूस नव्हता. सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार प्रशासकांकडे होते. अंदाजपत्रक मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. त्या काळात महापालिकेच्या सभेत एकही प्रश्न नाकारला गेला नाही, कारण तो विचारायला नगरसेवकच नव्हते.